ओढ्याकडचा दिवा

कोणता ऋतू चालू आहे हे कळायला आमच्या गावात कॅलेंडर लागत नसे. बत्तीआक्कांचा कंदील कुठे आहे ते पाहिलं की पुरे. उन्हाळ्यात तो अंगणात जमिनीवर असायचा, पावसाळ्यात ओढ्याकडच्या भिंतीवर खुंटीला, आणि थंडीत घरात, चुलीशेजारच्या कोनाड्यात. घरात कंदील एकच. पण त्याची घरं तीन. आक्कांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. पोस्टमनसुद्धा बत्तीआक्का म्हणूनच हाक मारायचा, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

सत्तर साली मी पारनेर तालुक्यातल्या त्या गावी प्राथमिक शाळेवर गेलो. नुकतंच लग्न झालेलं होतं. आक्कांच्या घराची बाहेरची खोली आम्हाला राहायला मिळाली. घर गावाच्या अगदी शेवटी, ओढ्याच्या काठावरच्या उंचवट्यावर. आक्का, त्यांचे यजमान तात्या आणि आम्ही दोघं, एवढीच माणसं. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन तिसगावकडे गेलेली होती. मी गणित शिकवणारा माणूस. कुणी काही सांगितलं की त्याचं कारण विचारायची मला सवय. आक्कांना ती सवय आवडायची. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण होतं. सगळीच कारणं बरोबर होती असं मात्र नाही. कंदिलाचा उजेड दुधावर पडला की दही आंबट लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी एकदा विरजणाची दोन भांडी लावून, एक उजेडात आणि एक अंधारात ठेवून, त्यांना दोन्हींची चव घ्यायला लावली. फरक नव्हता. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातानं लावलं, म्हनून दह्यानं भीड धरली." त्यापुढे मी तो विषय सोडून दिला.

उन्हाळ्यात घराबाहेर झोपायची वेळ आली की कंदील जमिनीवर का, हे मी पहिल्याच वर्षी विचारलं. उंचावर ठेवला तर उजेड जास्त पसरेल, असं माझं म्हणणं. आक्कांनी मला खाली बसवलं आणि अंगणाकडे पाहायला सांगितलं. उजेड जमिनीलगत पसरला होता आणि प्रत्येक खड्याची, काटकीची लांबलचक काळी सावली पडली होती. "इच्चू बारका असतो, गुरुजी," त्या म्हणाल्या, "पर खालून उजेड पडला की त्याची सावली बारकी ऱ्हात न्हाई." त्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीला तसाच एक विंचू दिसला. आधी सावली दिसली, मग विंचू. तेव्हापासून आमच्या घरातही उन्हाळ्यात दिवा जमिनीवर आला, तो आजतागायत आहे.

थंडीत कंदील आत जायचा. दिवाळीच्या आधी आक्का चुलीसमोरची भिंत पांढऱ्या मातीनं सारवायच्या, म्हणजे कोनाड्यातला उजेड त्या भिंतीवरून परत फिरून ताटात पडे. "हिवाळ्यात भाईर उजेड कुनासाठी?" त्या म्हणायच्या. "भाईर असत्यात चोर आन् कोल्हं. त्यांना कशाला वाट दावायची?" ज्वारी हुरड्याला आली की दिवसा त्या शेतातल्या माळ्यावर चढून गोफण फिरवायच्या. पाखरं उडवायची तर आवाज पुरे, पण आक्का नेम धरूनच खडा सोडायच्या. तात्या मला सांगायचे, "गुरुजी, हिच्यासंगट भांडायचं असंल तर जवळून भांडा. लांब गेलात तर तुमची खैर न्हाई."

पावसाळ्याचा प्रकार मात्र वेगळा होता. मृग लागला की कंदील ओढ्याकडच्या भिंतीवर जायचा आणि घरात रॉकेलची एक बारकी चिमणी उरायची. सगळे किडे आणि पाखरं बाहेरच्या उजेडावर जात आणि आम्ही आत मिणमिणत्या चिमणीपुढे जेवत असू. माझ्या पत्नीला ते सुरुवातीला जड गेलं. आक्का तिला म्हणाल्या, "आगं, घास तोंडाची वाट चुकत न्हाई. आमटीत पाखरू पडलं तर मातुर उपाशी उठशील."

पण पाखरं हे अर्धं कारण होतं. खरं कारण ओढा. एस.टी.चा थांबा, सडक आणि गावाची निम्मी शेतं ओढ्याच्या पलीकडे. मध्ये पूल नव्हता. दगडधोंड्यांतून खाली उतरायचं, पात्र ओलांडायचं आणि अलीकडे चढायचं. ओढ्याचं पाणी वरून, डोंगराच्या अंगानं यायचं. इथे थेंब नसतानाही तिकडे पाऊस झाला की लोंढा यायचा. तो उताराला पोचण्याआधी वरच्या वळणावर दिसे, आणि ते वळण गावात फक्त आक्कांच्या अंगणातून दिसे. म्हणून गावाची रीत अशी होती: दिवेलागणीनंतर पलीकडून येणाऱ्यानं काठावर थांबायचं आणि आक्कांच्या भिंतीकडे पाहायचं. कंदील दिसला तर उतरायचं. दिसला नाही तर थांबायचं, मग वेळ कितीही लागो. पाण्याची चाहूल लागली की आक्का कंदील खुंटीवरून काढून आत नेत. ही रीत त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेली होती. पावसाळ्यात संध्याकाळचा स्वयंपाक त्या अंगणातल्या चुलीवर करायच्या, वळणाकडे तोंड करून. तात्या त्यांना ओढ्याची स्टेशनमास्तर म्हणायचे. "सिग्नल पडला का गं?" असं ओरडतच ते पलीकडून उतरायचे.

मी गेलो त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस जेमतेम झाला. बहात्तर साली झालाच नाही. त्या वर्षीही आक्कांनी मृगाला कंदील भिंतीवर लावला. खाली ओढ्यात धूळ उडत होती. रॉकेल मिळायची मारामार होती. तात्या म्हणाले, "कुनासाठी लावतीस? वढ्यात बेडूक सुदिक ऱ्हायला न्हाई."

"रीत हाय," आक्का म्हणाल्या.

"रीत पान्यासाठी हाय. पानी कुठं हाय?"

"पानी न्हाई तवाच इसरायला हुतं," आक्का म्हणाल्या आणि वात बारीक केली.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी मला बाहेर बोलावलं. कंदील जळत होता. त्यांनी काचेकडे बोट केलं. "काय दिसतंय?" मला काहीच दिसलं नाही, आणि मी तसं सांगितलं. "त्येच म्हन्ते," त्या म्हणाल्या. "एक पाखरू न्हाई. आसाडात कंदिलाला एक पाखरू न्हाई, गुरुजी. मी जल्मात बगितलं न्हाई हे." स्वच्छ, एकट्या पडलेल्या त्या ज्योतीकडे पाहताना मला पहिल्यांदा दुष्काळाची भीती वाटली. वाळलेली शेतं मी रोज पाहत होतो, पण भीती त्या संध्याकाळी वाटली. त्या थंडीत राखायला ज्वारी नव्हती. आक्कांची गोफण माळ्यावर न जाता खुंटीवरच राहिली.

गावातली बहुतेक माणसं, तात्यासुद्धा, ओढ्यापलीकडे दुष्काळी कामावर जाऊ लागली. खडी फोडायची, मजुरीसोबत वाटली जाणारी सुकडी खायला घ्यायची आणि अंधार पडता पडता परत यायचं. कोरड्या ओढ्यातून सगळे न थांबता, न पाहता, गप्पा मारत उतरायचे.

आणि त्याच थंडीत गावात वीज आली. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब चावडीपासून सुरू झाले आणि शेवटचा खांब आक्कांच्या घराच्या कोपऱ्यावर, बरोबर ओढ्याच्या बाजूला रोवला गेला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. तात्या तर खांबाखाली घोंगडी टाकून बसायचे. "आक्का, तुमची नोकरी गेली," लोक चेष्टेनं म्हणायचे. एस.टी.तून उतरल्याबरोबर तो दिवा दिसायचा आणि घर जवळ आल्यासारखं वाटायचं. सगळ्या खांबांचं बटण एकच होतं आणि ते चावडीत. ग्रामपंचायतीचा शिपाई संध्याकाळी दिवे लावायचा आणि सकाळी मालवायचा.

आक्का पहिल्या दिवसापासून त्या दिव्याकडे पाहुण्याकडे पाहावं तशा पाहायच्या. उन्हाळा आला. त्यांनी कंदील जमिनीवर ठेवला, पण वरून खांबाचा उजेड पडत असल्यामुळे खड्यांच्या सावल्या पार आखडून गेल्या. "ह्या दिव्याला उनाळा न्हाई, हिवाळा न्हाई," त्या म्हणाल्या. "सदा आपला एका जागी. आसल्या मानसाचा भरवसा कसा धरावा?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्र्याहत्तरचा मृग तोंडावर आला तेव्हा त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही चावडीवर गेलो. सरपंच सज्जन माणूस होता. आक्कांनी मागणी सरळ मांडली: माझ्या खांबाचं बटण माझ्या भिंतीवर द्या. मी ओढ्याचं कारण समजावून सांगितलं.

"आक्का, तुमाला दिलं तर उद्या गाव बटन मागंल," सरपंच म्हणाले. "ज्यो त्यो आपल्या मर्जीनं दिवा लावंल आन् मालवंल."

"मला लावायला नगं. मालवायला पायजे."

"बरं, बगू. वायरमन आला की सांगतो." मग ते आभाळाकडे पाहून कष्टानं हसले. "आदी पाऊस तर पडू द्या, आक्का. वढ्याला पानी आलं तर मी सोता बटन घिऊन तुमच्या दारात येतो."

चावडीवरचे सगळे हसले. दोन वर्षं पाणी न पाहिलेल्या माणसांचं ते हसणं होतं. पूर हीसुद्धा त्यांना त्या वेळी चैनीची गोष्ट वाटत होती.

घरी आल्यावर आक्का म्हणाल्या, "गुरुजी, येक काम करा. दिवेलागन झाली की पलीकडं जाऊन उभं ऱ्हावा. मी कंदील आत नेते. काय दिसतं ते खरं सांगा." मी गेलो. काठावर नेहमीच्या जागी उभा राहिलो. खांबावरचा दिवा झगझगीत दिसत होता. त्याच्या बाजूला कंदील असेल तर असेल, नसेल तर नसेल. मला काही कळेना. मी बराच वेळ डोळे ताणून पाहिलं आणि परत आलो. आक्का भिंतीपाशी उभ्या होत्या, कंदील हातात.

"दिसला?"

"नाही."

"आत न्हेला तवा?"

"आक्का, होता तेव्हाही दिसला नाही आणि नेला तेव्हाही कळलं नाही."

 त्यांनी कंदील परत खुंटीला लावला आणि त्या आत गेल्या. तात्या घोंगडीवर पडल्या पडल्या म्हणाले, "आगं, आता आख्ख्या गावाला दिसतंय, आन् तू म्हन्तीस दिसत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून खुंटीवरची गोफण अंगणातल्या चुलीजवळ आली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. शेतात ज्वारी नव्हती.

पाऊस आला. थोडा आला, मग बरा आला, आणि लोकांच्या तोंडावर रंग आला. कामं अजून चालू होती. ओढ्याला घोट्याएवढं पाणी वाहू लागलं. कंदिलाला पाखरं आली तेव्हा आक्कांनी मला हाक मारून दाखवली. पण तीही खांबाच्या दिव्याकडे निघून गेली.

अशाच एका संध्याकाळी मी पारनेरहून शिक्षकांची सभा आटोपून एस.टी.नं परतलो. थांब्यावर कामावरून सुटलेली मंडळी भेटली, त्यांत तात्याही होते. गावावर आभाळ मोकळं होतं. डोंगराच्या बाजूला मात्र काळं झालं होतं. आम्ही बोलत बोलत उताराकडे निघालो. घमेली वाजत होती, बायका हसत होत्या. पाण्याचा आवाज येत असेलही, पण सडकेवरून एस.टी. वळून जात होती आणि प्रत्येकाला तो तिचाच आवाज वाटला असावा. काठावर आलो. समोर दिवा लख्ख होता.

"सिग्नल हाय, चला!" तात्या म्हणाले आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे उतरले. आम्ही त्यांच्या मागोमाग पहिल्या दगडांवर पाय टाकत होतो.

आमच्या घरी काय झालं, ते माझ्या पत्नीनं मला नंतर सांगितलं. आक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी वळणाकडे पाहिलं, हातातली भाकरी तव्यावर न टाकता खाली ठेवली आणि उठून कंदील आत नेला. मग लगेच, जणू काही आठवावं तसं, वळून खांबाकडे पाहिलं. चावडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी गोफण घेतली. पिठाचे हात पदराला पुसले. पहिला खडा खांबाला लागला. दुसऱ्यानं दिवा फुटला.

पलीकडून आम्हाला एवढंच दिसलं, की समोरचा उजेड गेला. इतर खांबांचे दिवे मागं गावात जळत होते. फक्त ओढ्यावरचा गेला. आणि पात्राच्या मध्यातून तात्यांचा आवाज आला.

"थांबा रं! बत्ती गेली! कुनी उतरू नगा!"

आम्ही थांबलो. विचार करून थांबलो असं मी म्हणणार नाही. रीत जुनी होती आणि पाय आपोआप थांबले. माझ्यापुढच्या बाईनं दोन्ही हात पसरून मागच्यांना अडवलं. पण तात्याही थांबले होते. ते पुढे पळते तर अलीकडच्या काठाला लागले असते, इतकं अंतर उरलं होतं. ते आमच्याकडे वळले आणि हात हलवत परत येऊ लागले, आम्ही खरंच थांबलो की नाही ते पाहायला. मग पाणी आलं.

पाणी उतरायला रात्र गेली. सकाळी आम्ही पलीकडून आलो तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. शेवटचा माणूस आला. त्याच्या मागे कुणी नव्हतं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. तात्या दुपारनंतर बरेच खाली, एका बाभळीला अडकलेले सापडले.

फुटलेल्या दिव्याबद्दल गावात कुणी एक शब्द काढला नाही. दिवसपाणी उरकल्यावर सरपंच वायरमनला घेऊन आले आणि आक्कांच्या भिंतीवर बटण बसवून दिलं. जाताना ते आक्कांच्या पायांशी वाकले. आक्का म्हणाल्या, "उटा. तुमी म्हनलं हुतं तसं केलं." त्यात टोमणा नव्हता. सरपंच मात्र त्यानंतर त्या रस्त्यानं यायचं टाळू लागले.

त्यानंतर आक्का तो दिवा ऋतूप्रमाणे वापरू लागल्या. पावसाळ्यात दिवेलागणीला लावायच्या आणि वळणाकडे पाहत बसायच्या. थंडीत आणि उन्हाळ्यात तो बंद ठेवायच्या आणि कंदील आपल्या जागी न्यायच्या. बोलणं कमी झालं. तात्यांचं नाव घरात निघत नसे. माझी पत्नी म्हणायची, त्यांना काहीतरी विचारायचं आहे आणि त्या विचारत नाहीत. मलाही तसंच वाटायचं. त्या माझ्याकडे पाहायच्या, आणि मग काचेवरची काजळी पुसायला लागायच्या.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सामान बांधून झालं होतं. मृग लागलेला होता. संध्याकाळी आक्का आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खोलीत सामान नसल्यामुळे त्यांचा आवाज मोठा वाटला.

"गुरुजी, तुमी मला कवा खोटं सांगितलं न्हाई. दह्याचं सुदिक न्हाई. म्हनून इचारते. दिवा गेला तवा हे काय बोलले?"

मी शब्द न बदलता सांगितलं. "थांबा रं, बत्ती गेली, कुनी उतरू नगा."

"आदी त्यांनीच म्हनलं का तुमी कुनी?"

"त्यांनीच. आम्ही नंतर थांबलो."

त्या दाराच्या चौकटीला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. वर्षभर त्या काय धरून बसल्या होत्या, ते मला तेव्हा समजलं. आपण दिवा फोडला आणि पात्राच्या मध्यात, अंधारात तात्यांना काहीच कळलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

"म्हंजी दिसलं त्यांना," आक्का म्हणाल्या.

मग त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळानं भिंतीवरच्या बटणाचा आवाज झाला आणि आमच्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर उजेड पडला.